साखर हाताशी, भजी गायब : पणजीतील एक सरकारी उपाहारगृह

पणजीतील एका सरकारी कार्यालयाच्या उपाहारगृहात कामानिमित्त माझे वरचेवर जाणे होते. तेथील भाजी-पाव उत्तम असतो. पातळभाजीतला वाटाणा शिजूनही अख्खा राहतो आणि पाव त्याच सकाळचा असतो. अलीकडे गल्ल्यामागे तेल व साखरेच्या प्रमाणाचा फलक लागला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये असे फलक सुचवले, तेव्हा समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार अशी आवई उठली होती आणि मंत्रालयाला जुलैत खुलासा करावा लागला. फलकाला माझी हरकत नाही, फक्त तो इंग्रजीत आहे आणि साखर ग्रॅममध्ये सांगतो. चहात साखर चमच्याने घालणाऱ्याला त्यातून काय कळणार?

चहाची व्यवस्था मात्र चोख आहे. तो बिनसाखरेचाच येतो, पण साखरेचा डबा समोरच असतो आणि कितीही चमचे घातले तरी वाढणारा मुलगा मान वर करून पाहत नाही. २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांची अट हीच आहे, की लोकांना हिताच्या बाजूला वळवावे, परंतु नकार देणे सोपे आणि जवळजवळ फुकट असावे. आळसापोटी माझा एक चमचा कमी होतो, पण तो आळस माझा आहे.

बुधवारी मात्र येथे तळलेले काहीच मिळत नाही. मिरचीभजी नाही, बटाटावडा नाही, पुरी नाही, केळे घालून तळलेला गोड बनसुद्धा नाही. विचारले तर ‘वरून सांगितलंय’ एवढेच उत्तर मिळते. लेखी आदेश कोठेही लावलेला नाही. मांडवीतल्या कॅसिनोंत गोमंतकीयांना २०२० पासून खेळण्यास मनाई आहे. ती कोणाला पटो न पटो, सरकारने ती उघडपणे जाहीर केली असल्याने तिच्यावर वाद घालता येतो, आमदाराला जाब विचारता येतो. बुधवारच्या भजीचा जाब कोणाला विचारायचा? शिवाय त्या दिवशी अकराच्या सुमारास निम्मी कचेरी रस्त्यापलीकडच्या गाड्यावर उभी असते, आणि तेथले तेल कितव्यांदा तापले आहे हे कोणताच फलक सांगत नाही. व्यवस्थापनाने बशी लहान करावी, भजी गल्ल्यापासून लांब ठेवावीत, पण ठेवावीत.

तूर्त बुधवार सोडून जावे, आणि जरा लवकर जावे. दुपारपर्यंत पातळभाजी संपते. मग सुकी भाजी उरते, तीही वाईट नसते.