सोलरची लाइन गिझरमधून घ्यायची की वेगळी ठेवायची?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या बऱ्याच टॉवरमध्ये गच्चीवर सोसायटीचं पाणी तापवायचं सोलर असतं आणि बाथरूमच्या माळ्यावर आपला गिझर. घराचं काम निघालं की प्लंबर विचारतो, ‘सोलर आणि गिझर जोडू कसे?’ बहुतेक जण ‘नेहमीसारखं करा’ म्हणून मोकळे होतात, आणि टाइल्स लागल्यावर तेच वर्षानुवर्षं वापरावं लागतं. आधीच्या भाड्याच्या घरात माझ्याकडे एक जोडणी होती, आताच्या घरात दुसरी आहे. म्हणून हे लिहितोय.

पहिली जोडणी म्हणजे सोलरचा पाइप आणि गिझरमधून निघणारा गरम पाइप एका टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) आणायचे, दोन्हींना कॉक द्यायचे आणि ज्याचं पाणी हवं त्याचा कॉक उघडायचा. दुसरीत सोलरचं पाणी थेट गिझरच्या इनलेटला, म्हणजे पाणी आत शिरतं त्या तोंडाला, द्यायचं. नळाला येतं ते सगळं गिझरमधूनच.

पहिलीचे फायदे खरे आहेत. खर्च कमी, तोडफोड कमी. सोसायटीने ट्यूब साफ करायला सोलर बंद ठेवलं तरी गिझर गच्चीच्या थंड टाकीवर चालतो. एप्रिल-मेमध्ये गिझरकडे बघावंही लागत नाही.

माझं मन त्यातून उतरलं ते एका गोष्टीने: कोमट पाणी. पावसाळ्यात गिझरचा दिवा लागलेला, आत पाणी चांगलं तापलेलं, आणि बादलीत मात्र धड गरम ना धड गार. थर्मोस्टॅट तपासून झाला, कॉइल बदलून झाली, फरक शून्य. गिझरमध्ये काही बिघाडच नव्हता. सोलरचा कॉक कोणीतरी उघडा ठेवला की टीवर दोन्हीकडचं पाणी एकत्र येतं. ढगाळ दिवसांत सोलरच्या पाइपमधलं गार पाणी गिझरच्या गरम पाण्यात मिसळतं. उन्हाळ्यात उलटं होतं: बंद गिझरमधून थंड पाणी येऊन सोलरच्या कढत पाण्याची वाट लावतं. नळ बंद असतानाही गोष्ट संपत नाही. थंड लाइनचा दाब जास्त असेल तर पाणी गिझरमधून उलटं सोलरच्या लाइनमध्ये शिरतं आणि त्याच डक्टमधल्या इतर घरांत पोचतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा म्हणाल्या, ‘अहो, तुमच्याकडे गिझर लावला की आमचं सोलर गार होतं.’ तेव्हा मला ते पटलं नव्हतं, पण माळ्यावर चढून सोलरच्या पाइपला हात लावला आणि कॉकच्या पलीकडेही हातभर पाइप गरम लागला. गिझरचं पाणी तिकडे चाललं होतं.

तुमच्याकडे असं होतंय का, हे बघायला प्लंबर लागत नाही. गिझरचं बटण बंद करा. गिझरच्या इनलेटचा कॉक आणि सोलरचा कॉक, दोन्ही घट्ट बंद करा, मग गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. धार चालूच राहिली तर पाणी तिसऱ्या वाटेने येतंय, आणि ती वाट बहुतेक वेळा मिक्सरमधून जाते. मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त हातातल्या स्प्रेचं बटण सोडलं की थंड आणि गरम लाइन मिक्सरच्या पोटात एकमेकींना भेटतात. नळ थांबला, तर तिसरी वाट नाही; मग कोमट पाण्याचं कारण बहुतेक टीवरच आहे, म्हणजे उघडा राहिलेला कॉक.

यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवून घ्या, असं सांगतात. जरूर बसवा, उलटं जाणारं पाणी त्याने थांबतं. मिसळणं मात्र थांबत नाही, कारण नळ उघडल्यावर दोन्ही पाणी सरळ दिशेनेच येतं. ते थांबतं फक्त माणसाने कॉक आठवणीने बंद केल्यावर. आमच्याकडे आई पहाटे उठते, मुलं सातला, मी शेवटी. प्रत्येकाने माळ्यावर हात घालून कॉक फिरवायचा, हे चार दिवस चालतं.

दुसऱ्या जोडणीत हा निर्णय कोणाला घ्यावाच लागत नाही. पाणी कढत आलं तर थर्मोस्टॅट कॉइल लावतच नाही, कोमट आलं तर उरलेलं तापवतो. पावसाळ्यातलं ३५ अंशांचं सोलर पहिल्या पद्धतीत फुकट जातं, कारण त्याने आंघोळ होत नाही म्हणून आपण ते बंद करतो. इथे तीच कोमट ऊब कामी येते. आणखी एक म्हणजे गच्चीपासून आपल्यापर्यंत पाइपमध्ये रात्रभर उभं राहिलेलं गार पाणी. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरमागे जवळपास अर्धा लिटर मावतं; ३० मीटर पाइप म्हणजे १५ लिटर. एरवी एवढं गटारात सोडल्यावर गरम पाणी लागतं. इथे ते गिझरमध्ये जाऊन तापतं. १५ लिटर २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, आणि टँकर मागवणाऱ्या सोसायटीत मला तेवढी वीज परवडते.

अटी मात्र आहेत. गिझरपर्यंतचा थंड पाण्याचा पाइप यूपीव्हीसी असेल तर त्यात सोलर सोडू नका, गरम पाण्याने तो मऊ पडतो, गरम पाण्याला चालणारा सीपीव्हीसी हवा. इनलेटला किती गरम पाणी चालतं हे गिझरच्या कंपनीला विचारून घ्या. इनलेटवर एनआरव्ही आला की तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायला जागा उरत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह कधीकधी थेंब थेंब गळेल. त्याला बूच मारू नका, नळी लावून गटारात सोडा. सोलर बंद पडेल त्या दिवसासाठी थंड पाण्याची एक जोड कॉकसह ठेवा. तीन लिटरचा गिझर असेल तर ही पद्धत नकोच, गार पाण्याचा पहिला लोंढा त्याला झेपत नाही. पंधरा-पंचवीस लिटरचा हवा.

घर भाड्याचं असेल, किंवा वरच्या मजल्यावर सोलरला जेमतेम धार असेल, तर पहिली जोडणीच सोयीची, हे मान्य. स्वतःच्या घरात, घरात वयस्कर माणूस असताना, मी तरी दुसरीकडेच झुकेन. काम टाइल्स लागायच्या आधी करून घ्या, आणि प्लंबर निघण्याआधी एनआरव्हीवरचा बाण गिझरकडे तोंड करून आहे ना, ते स्वतः बघा.