14.2 दिसत होतं, तरी 33,500 घालवले

अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं जनित्र) 15,800, बॅटरी 14,200, मजुरी 3,500. एकूण 33,500 रुपये. कोगनोळी टोलनाक्यापलीकडच्या एका गॅरेजात रोख मोजले आणि पावती म्हणून पाठकोऱ्या कागदावर नुसता आकडा घेऊन निपाणीला परत आलो. हसायचं तर हसा.

तक्रार एवढीच, की दिवसभर कॅम्पर (राहायची सोय केलेली गाडी) पळवली तरी मागची, राहायच्या भागाची बॅटरी रात्री नऊलाच बसायची. मिस्त्रीनं बॉनेट उघडताक्षणी निकाल दिला, "अल्टरनेटर गेलाय वो." त्या वेळी माझाच मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) पुढच्या, इंजिनाच्या बॅटरीवर होता. इंजिन चालू, आकडा 14.2 व्होल्ट. अल्टरनेटर मेला असता तर 12.4 च्या आसपास दिसून खाली घसरत गेला असता. मी तो आकडा मोठ्यानं वाचलासुद्धा! "लोडवर पडतंय ते," म्हणाला, आणि मी मान डोलावली. घरची मंडळी गाडीत खोळंबलेली, दिवस मावळलेला. अशा वेळी कोण वाद घालणार?

खरा दोष घरी पंधरा मिनिटांत सापडला. इंजिन चालू असताना पुढं 14.2, मागं 13.1. मीटरचं एक टोक पुढच्या प्लसवर, दुसरं मागच्या प्लसवर: 0.7 व्होल्ट वायरीतच मेले. सहा मीटर लांब आणि जेमतेम 4 चौरस मिमी जाडीची वायर! उरलेले 0.4 अर्थिंगला, कारण बोल्ट चेसिसच्या रंगावरच आवळलेला. 13.1 वर लेड-ॲसिड बॅटरी कधीच भरत नाही, 14.2 ते 14.4 लागतात. 25 चौरस मिमीची वायर, तिच्या टोकांचे लग, दोन्ही बॅटऱ्यांजवळ 80 अँपिअरचा एकेक फ्यूज, बोल्टाखालचा रंग खरवडून काढला. खर्च 2,350. (बऱ्याच बीएस6 गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज पाडतो. तिथं जाड वायरीनं भागत नाही, व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो.)

नव्या बॅटरीवर "ट्युब्युलर 150 एएच" (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) असं स्टिकर. पोरगं एका हातानं घेऊन आलं, तिथंच कळायला हवं होतं. खरी 150 ची पन्नास किलोच्या वर भरते. 7.5 अँपिअरच्या लोडवर ती वीस तास चालायला हवी. ही सहा तासांत 10.5 व्होल्टवर आली. म्हणजे 45 एएच. तारखेचा कोड घासलेला. कोड आणि वजन बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

इथल्या ठाण्यात म्हणाले, "महाराष्ट्रात घडलंय, तिकडं जावा." तिकडं म्हणाले, "तुम्ही कर्नाटकातले, तिकडं द्या." मग दोघंही म्हणाले, ही दिवाणी बाब. चार हेलपाटे, डिझेल वेगळं. 1 जुलै 2024 पासून हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यानं घ्यायची असते, हे मी त्यांना सांगायचं का? सीमाभागातल्या माणसानं दोन्हीकडचा कर भरायचा आणि दोन्हीकडं परका ठरायचं! शेवटी ग्राहक आयोगाकडं वळलो: 2019 च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण तिथं पहिला प्रश्न, "बिल कुठंय?" पक्कं बिल घ्या, बाबांनो.

आणि जुना पार्ट हातात मागून घ्या. मी मागितला तर "भंगारात गेला" म्हणाला. परवा पट्टा ताणताना "नव्या" अल्टरनेटरचा चंदेरी रंग बोटांना लागला. थिनरनं पुसलं. खाली माझ्याच पान्यानं दोन वर्षांपूर्वी पडलेला ओरखडा.