जुनाट दिसणारी बाथरूम राखली, चकचकीत दिसणारी फोडली

आमच्या घरातल्या दोन्ही बाथरूम एकाच सुमारास दुखायला लागल्या. बाहेरच्या बाथरूममध्ये शॉवरला धार उरली नव्हती आणि बंद केल्यावरही गरम-गार पाण्याच्या मिक्सरमधून थेंब थेंब चालूच. आईच्या खोलीतल्या बाथरूमचा शॉवर मात्र झकास चालत होता, टाइल्सवर ओरखडा नव्हता. पण खालच्या काकूंच्या छतावर ओलीचा डाग वाढत होता आणि रंगाचे पोपडे सुटत होते. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं: बाहेरची फोडून नवी करू, आईच्या बाथरूममध्ये सांधे भरून घेऊ. शेवटी झालं बरोबर उलट, आणि त्याचं श्रेय ज्या टीमकडून काम करून घेतलं त्यांच्या पाहणीला आहे. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्या पाहणीचा आहे. टाइल्स नीट लावणारे पुष्कळ सापडतात. काय फोडायचं आणि काय नाही, हे तपासून सांगणारे कमी.

त्यांच्याआधी एक जण येऊन गेले होते. दारातूनच दोन्ही बाथरूम बघितल्या आणि दोन्हींचं पूर्ण रिमॉडेलिंगचं पॅकेज पुढे ठेवलं. नळ उघडूनसुद्धा बघितला नाही. त्यांना मी तिथंच नमस्कार केला.

ही दुसरी टीम आली ती एक बादली, घड्याळ, प्रेशर गेज आणि चिकटपट्टी घेऊन. बाहेरच्या बाथरूमपासून सुरुवात. शॉवर पूर्ण उघडून एका मिनिटाचं पाणी बादलीत घेतलं, ते जेमतेम 4 लिटर भरलं. मग मिस्त्रींनी शॉवरचं तोंड फिरवून काढलं आणि नुसत्या दांड्यातून पाणी सोडलं, तर जोरात धार आली. "ताई, लाइन चांगली आहे. तोंड तुंबलंय," एवढंच म्हणाले. ही परीक्षा मला फार आवडली, कारण ती कुणालाही करता येते. तोंड काढल्यावर धार आली तर दोष तोंडात. तरीही पाणी रडतखडतच आलं, तर दोष मिक्सरच्या आतल्या कार्ट्रिजमध्ये (पाणी चालू-बंद करणाऱ्या भागात), जाळीत किंवा थेट पाइपात शोधायचा.

तोंडाच्या छिद्रांत क्षारांचा पांढरा थर बसला होता. जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतो, म्हणून त्यांनी ते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायला सांगितलं. एक ताकीदही दिली: त्यात ब्लीच असलेलं क्लीनर अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. आणि सोनेरी किंवा काळ्या लेपाचं तोंड असेल तर व्हिनेगरमध्ये इतका वेळ ठेवायचं नाही, लेप खराब होतो. सकाळी रबराच्या छिद्रांवरून अंगठा फिरवला तसे खडे निघून आले. पुन्हा बादली लावली, पाणी दुपटीवर गेलं.

थेंब गळण्याचं कारण मिक्सरचं कार्ट्रिज होतं. आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. त्यांच्यात वाळूचा कण अडकला किंवा चरा पडला की पाणी थांबत नाही. कार्ट्रिज समोरून निघतं, भिंतीला हात लावावा लागत नाही. दांडीखालचा छोटा स्क्रू ॲलन कीने सोडवला, जुनं कार्ट्रिज बाहेर काढलं आणि तेच दुकानात नेऊन त्याच मापाचं आणलं. ही मापं वेगवेगळी असतात, 35 आणि 40 मिलिमीटरची तर सर्रास, त्यामुळे जुना भाग हातात असलेला बरा. साफ केलेलं तोंड परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळली. झालं. फिकट, जुन्या वळणाच्या टाइल्सची ती बाथरूम आहे तशी राहिली. त्यांनी त्या टाइल्सही नाण्याने ठोकून पाहिल्या, कुठे पोकळ आवाज आला नाही. "ही फोडायचं काही कारण नाही," असं काम मिळवायला आलेल्या माणसाने स्वतःहून सांगावं, याची मला फार किंमत वाटते.

आईच्या बाथरूमला त्यांनी जास्त वेळ दिला आणि तो कारणी लागला. खाली ओल दिसते तेव्हा तीन ठिकाणांवर संशय असतो: भिंतीतला दाबाखालचा पाइप, सांडपाण्याची लाइन, किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. तिन्ही एकदम तपासले तर काहीच कळत नाही, म्हणून एकेक वेगळं करायचं. आधी शॉवरच्या जागी प्रेशर गेज लावून लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. काटा हलला नाही, म्हणजे पाइपावरचा संशय गेला. मग फरशी कोरडी ठेवून, नळीने पाणी सरळ नहाणी ट्रॅपमध्ये सोडलं. काकूंच्या छताच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती, डाग रेघेच्या आतच राहिला. शेवटी ट्रॅपला बूच मारून फरशीवर पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बाहेर आला होता.

मला वाटलं होतं, सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं की भागेल. मिस्त्रींनी समजावून सांगितलं ते पटलं. टाइल आणि सिमेंटचं ग्राउट पाणी पूर्ण अडवत नाहीत, ते काम खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं असतं. तो थर शाबूत असेल आणि फक्त सांधे झिजले असतील तर नवीन ग्राउट पुरतं. इथं शॉवरखालच्या अर्ध्या टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजत होत्या, म्हणजे त्या खालून सुटल्या होत्या. वरून सांधे बुजवले असते तर काही काळ डाग थांबला असता आणि आत साठलेलं पाणी दुसरीकडून वाट काढत राहिलं असतं.

फोडल्यावर त्यांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. टाइल्सखालचा माल ओल्या वाळूसारखा हातात येत होता. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात जुना थर चिरला होता आणि तो भिंतीवर वर चढवलेलाच नव्हता. भिंतीतला जुना लोखंडी पाइप कापला तर आतून गंजाने निम्मा बुजलेला. दाबाच्या परीक्षेत तो पास झाला होता, गळत नव्हता, पण भिंत उघडलीच आहे म्हटल्यावर तो तसाच ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याजागी सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप घातला. तो 93 अंश सेल्सियसपर्यंतचं पाणी सहन करतो, त्यामुळे गिझरच्या लाइनला चालतो.

नव्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी मी मुद्दाम समोर उभी राहिले. कोपऱ्यांत आधी सिमेंटची गोलाई, तिच्यावर जाळीची पट्टी, मग दोन हात: पहिला उभा, दुसरा आडवा, म्हणजे एका हातात राहिलेली बारीक छिद्रं दुसऱ्यात भरतात. शॉवरच्या भिंतीवर थर डोक्याच्या वरपर्यंत नेला आणि पाइप जिथे भिंतीतून बाहेर येतात तिथेही पट्टी लावली. सुकल्यावर ट्रॅपला पुन्हा बूच, पुन्हा पाणी साठवणं, पूर्ण 48 तास. हे टाइल्स लावण्याआधी झालं, ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट. टाइल्स लागल्यावर गळती सापडली तर परत सगळं फोडण्यावाचून मार्ग नसतो. काकूंनी खालून "कोरडं आहे गं" असा निरोप दिला, तेव्हाच पुढचं काम सुरू झालं.

टाइल्सच्या कामाबद्दल थोडक्यात: मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार, दातेरी थापीने पसरलेलं अॅडेसिव्ह, आणि कोपऱ्यांत ग्राउटऐवजी सिलिकॉन, कारण दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि तिथलं कडक ग्राउट चिरतं. फरशीला छोट्या, खरखरीत टाइल्स घेतल्या. घसरण्याच्या परीक्षेत आर 11 दर्जाच्या आहेत, आणि लहान असल्याने सांधेही जास्त येतात, त्यामुळे आईचा पाय घट्ट टेकतो. तिच्यासाठी आधाराचा दांडा भक्कम वीटकामात बसवला. त्याची उंची मिस्त्रींनी आईला प्रत्यक्ष उभं करून, हात कुठे जातो ते बघून ठरवली. मापाच्या तक्त्यावरून ठरवली असती तर तो तिला उंच पडला असता.

शॉवर निवडताना मी मोठ्या, छतातून पाऊस पडावा तशा तोंडावर जवळजवळ पक्की झाले होते. टीमने थांबवलं. आमचं पाणी टाकीतून नुसत्या उंचीच्या जोरावर येतं. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. आमच्या टाकीची पातळी शॉवरच्या वर सुमारे 4 मीटर, म्हणजे दाब 0.4 बारच्या आसपास. एवढ्यावर ते रुंद तोंड नुसतं ठिबकलं असतं. पाण्याचं तापमान आपोआप सारखं ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटिक मिक्सरचाही विचार याच कारणाने सोडला, त्याला लागणारा किमान दाब पेटीवर छापलेला होता आणि आमचा त्यात बसत नव्हता. शेवटी मध्यम आकाराचं तोंड आणि सरकणाऱ्या दांड्यावर हँड शॉवर घेतला. आई खुर्चीवर बसून अंघोळ करते, तिला हँड शॉवरच जास्त उपयोगी आहे. आणि गिझरचं तापमान उतरवून ठेवलं आहे, कारण 60 अंशांचं पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजू शकतं आणि वयस्कर माणसाचा हात नळापर्यंत लगेच पोहोचत नाही.

आता तक्रारी. साबण ठेवायचा कोनाडा त्यांनी सपाट केला होता, त्यात पाणी साचत होतं. सांगितल्यावर वाद न घालता पुढे उतार देऊन परत केला, पण तपासणीचा एवढा अभ्यास असलेल्या टीमकडून हे सुटायला नको होतं. धूळ आवरण्यात ते कमी पडले. बाथरूमच्या दाराला प्लास्टिक लावलं होतं, खोलीच्या दाराला नाही, आणि आईला दमा आहे हे आधीच सांगितलेलं होतं. तिची झोपायची सोय मी बाहेरच्या खोलीत केली. याचे गुण मी नक्की कापते. काचेच्या पार्टिशनलाही उशीर झाला. टफन्ड काच एकदा भाजून तयार झाली की कापता येत नाही, त्यामुळे माप टाइल्स लागल्यावरच घ्यावं लागतं, हे खरं. पण ते सुरुवातीला सांगितलं असतं तर मी त्या हिशेबाने थांबले असते.

भिंती बंद करण्याआधी त्यांनी प्रत्येक पाइपाजवळ मापाची टेप धरून फोटो काढले आणि ते बिलासोबत दिले. त्याचा उपयोग लगेच झाला. काच बसवायला आलेले दादा खालची पट्टी फरशीत स्क्रूने ठोकायला निघाले होते. तसं केलं तर वॉटरप्रूफिंगला भोक पडतं, आणि लेखी हमीत ते कारण स्पष्ट वगळलेलं आहे. खालची पट्टी सिलिकॉनने चिकटवून घेतली. भिंतीत मात्र फोटो बघून, पाइपापासून लांब आणि थराच्या वरच्या बाजूला भोकं पाडली.

पाहणीचे ते वेगळे पैसे घेतात आणि काम दिलं तर बिलातून वजा करतात. काम द्यायचं नसेल तरीही पाहणी करून घ्या, लेखी अहवाल मिळतो आणि तो दुसऱ्या कोणत्याही मिस्त्रीला दाखवता येतो. स्वयंपाकघरातल्या सिंकमागच्या भिंतीला हल्ली ओलसर वास येतो आहे, तिथेही मी यांनाच बोलावलं आहे.