तीळ, सरकी की एरंडेल? हार्मोनच्या इंजेक्शनातलं तेल निवडताना

टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल, प्रोजेस्टेरॉन ही औषधं पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, म्हणून ती तेलात विरघळवून टोचतात. डॉक्टरांनी दोन-तीन पर्याय पुढे ठेवले की यातलं कोणतं तेल चांगलं, हा प्रश्न हमखास येतो. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: एका मिलिलिटरमध्ये औषध किती मावायला हवंय? तेल बहुतेकदा त्यावरच ठरतं.

डेलेस्ट्रोजेन हे इस्ट्रॅडिओल व्हॅलेरेटचं इंजेक्शन बघा. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमची बाटली तिळाच्या तेलात येते. 20 आणि 40 मिलिग्रॅमच्या मात्र एरंडेलात. औषध तेच, नावही तेच. एरंडेलातल्या रिसिनोलिक आम्लावर हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे त्यात ही स्टिरॉइड जातीची हार्मोन्स जास्त विरघळतात. जोडीला बेंझिल बेंझोएट हा द्रावक घातला की विद्राव्यता आणखी वाढते. मोल द्यावं लागतं ते घट्टपणाच्या रूपात. खोलीच्या तापमानाला एरंडेल तिळाच्या तेलापेक्षा दहापटीहून जास्त दाट असतं. सुई जाड घ्यावी लागते आणि दट्ट्या सावकाश दाबावा लागतो.

दाटपणा सोसायचा की जास्त तेल टोचून घ्यायचं, हा पेच टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतो. नेबिडो या त्याच्या इंजेक्शनात 1000 मिलिग्रॅम औषध 4 मिलिलिटर एरंडेल-बेंझिल बेंझोएट मिश्रणात बसतं. चीनमध्ये हेच औषध चहाच्या बियांच्या तेलात मिळतं, मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम, म्हणजे तेवढ्याच मात्रेला 8 मिलिलिटर. तुलनेत एरंडेलातलं औषध शरीरात जास्त काळ टिकलं: अर्धायुकाल (औषधाचं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 34 दिवस, चहाच्या बियांच्या तेलात सुमारे 21. तरी एवढ्यावरून ‘दाट तेल म्हणजे लांब परिणाम’ असा नियम काढू नका. किती दिवस पुरेल हे मुख्यतः एस्टर, म्हणजे व्हॅलेरेट, अनडेकॅनोएट असा हार्मोनला जोडलेला भाग ठरवतो, तेलाचा वाटा त्यानंतरचा. टेस्टोस्टेरॉनचंच सायपिओनेट सरकीच्या तेलात आणि एनँथेट तिळाच्या तेलात येतं, तरी दोन्हींच्या मात्रांमधलं अंतर साधारण सारखंच असतं. एवढ्यासाठी एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

एरंडेलातल्या अनडेकॅनोएटला आणखी एक अट आहे. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात पोचून खोकला, धाप किंवा चक्कर येऊ शकते, क्वचित तीव्र अ‍ॅलर्जीही होते. म्हणून अमेरिकेत अ‍ॅव्हीड हे अनडेकॅनोएटचं इंजेक्शन दिल्यावर 30 मिनिटं दवाखान्यातच थांबवून घेतात. वर्षातून मोजकीच इंजेक्शनं हवी असतील त्यांना हे परवडतं. घरीच टोचून घ्यायचं असेल तर दुसरं टोक म्हणजे झायोस्टेड हे टेस्टोस्टेरॉन एनँथेटचं इंजेक्शन: तिळाचं तेल, अर्धा मिलिलिटर, बारीक सुईचं पेन, आठवड्यातून एकदा त्वचेखाली.

अ‍ॅलर्जीचा मुद्दा मात्र बाकी सगळ्यावर मात करतो. सस्टेनॉन या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनात शेंगदाण्याचं तेल आहे. शेंगदाण्याची किंवा सोयाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते घ्यायचंच नाही. प्रोजेस्टेरॉनचं रोजचं इंजेक्शन बहुधा तिळाच्या तेलात असतं, आणि आयव्हीएफमध्ये ते कित्येक आठवडे चालतं, तेव्हा तिळाची अ‍ॅलर्जी आधीच सांगा. तिथे इथाइल ओलिएट या तेलासारख्या द्रवातला पर्याय तयार करून मिळू शकतो. तो खूप पातळ असतो, टोचायला सोपा. फक्त सुईच्या जागी आग झाली की लगेच तेलाला दोष देऊ नका, त्यामागे इंजेक्शनात घातलेलं बेंझिल अल्कोहोल हे परिरक्षकही असू शकतं.

एमसीटी (मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं तेल) पातळ आणि संतृप्त, त्यामुळे सहसा खवट होत नाही, म्हणून त्याचं कौतुक बरंच ऐकू येतं. कौतुक खोटं नाही, पण मान्यताप्राप्त हार्मोन इंजेक्शनांत ते क्वचितच भेटतं. ते मिळावं म्हणून घरगुती बनावटीच्या बाटलीकडे वळणं मला मुळीच पटत नाही: निर्जंतुकपणा आणि नेमकी मात्रा नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही.

सरकीच्या तेलातल्या सायपिओनेटच्या बाटलीत थंडीत स्फटिक दिसले तर घाबरू नका. बाटली कोमट करून हातात फिरवली की ते पुन्हा विरघळतात.