डीएसएम ३४ की केकेडब्ल्यू, लिलावात कुठलीला किती मोजायचे?

अमेरिकेतल्या लिलावात या दोन जर्मन पॉइंट २२ बोअरच्या, सिंगल शॉट (एका वेळी एकच गोळी भरायच्या) रायफली नेहमी दिसतात आणि नवखा माणूस दोन्हींना एकच भाव लावून मोकळा होतो. डीएसएम ३४ आधीची, माउझर, वॉल्थर वगैरे बऱ्याच जणांनी बनवलेली, म्हणून घाई नको, एक गेली की दुसरी येतेच. केकेडब्ल्यू नंतरची, दिसायला अगदी के९८के ची (दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैन्याची रायफल) धाकटी बहीण, त्यामुळे मिलिटरीवाले कलेक्टर तुटून पडतात नि भाव चढतो, माझ्या मते जरा जास्तच.

पण नावापेक्षा फोटो झूम करून बघा, बोल्टवरचा (मागेपुढे सरकणारा भाग) नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) जुळतो का, आणि धातूवर ठोकलेल्या शिक्क्यांच्या कडा धारदार आहेत की पुसट. पुसट म्हणजे बहुतेक पॉलिश मारून नवीन ब्लूइंग (धातूवरचा निळसर काळा थर) केलंय, अशी केकेडब्ल्यू असेल तर त्यापेक्षा मी ओरिजिनल फिनिशची, नळी स्वच्छ असलेली डीएसएम घेईन. स्टॉक, म्हणजे लाकडी भाग, कापलेला असेल तर सरळ पुढे चला.

आणि हो, बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलाववाले वर घेतात ते पैसे, विसरू नका, १००० डॉलरला हातोडा पडला आणि प्रीमियम २० टक्के असला तर १२०० झाले, वर टॅक्स, शिपिंग वेगळं.