कॅनबेराचा किट घेतलात तर दुसरी इजेक्शन सीट बसवू नका

1970 च्या दशकात मी हवाई दलात, आग्र्याला, कॅनबेरा या बॉम्बफेकी विमानावर एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करायचो. आता ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, मुलाकडे असतो. महाराजपुऱ्याच्या हवाईतळावरून मिराज लढाऊ विमान उडालं की नातू जिना चढून गच्चीवर पळतो. त्याच्यासाठी कॅनबेराच्या बी(आय)8 या प्रकाराचा, 1/72 मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडायचा हा किट मागवला, साडेतीन हजारांना. आपल्या हवाई दलातलं बी(आय)58 ते हेच विमान.

बाहेरून काम छान आहे. पायलटची काचेची घुमटी डावीकडे सरकलेली, नाकाच्या उजव्या अंगाला आत शिरायचं दार, पोटाखाली चार तोफांचा खोका, सगळं जागच्या जागी. एव्हन इंजिनांची तोंडं बघून काडतुसाने स्टार्ट करतानाचा तो धमाका आणि काळा धूर आठवला. पंखाच्या मुळाशी फट राहते, तिथे पुट्टी भरून ओल्या पॉलिशपेपरने घासा. नाकात छर्रे भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. चिकटचित्रं फक्त ब्रिटिश आहेत; आपलं केशरी-पांढरं-हिरवं चक्र मी हाताने रंगवलं.

पण आतलं काम चुकलं आहे, आणि ते मला सोडून देता येत नाही. पाकिटात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसासकट विमानाबाहेर फेकली जाणारी खुर्ची, दोन निघाल्या आणि माहितीपत्रकात दुसरी नॅव्हिगेटरच्या, म्हणजे मार्ग सांगणाऱ्याच्या, जागी बसवायला सांगितली आहे. या विमानात इजेक्शन सीट एकच, पायलटची. नॅव्हिगेटर त्याच्या पुढे, खालच्या अंगाला बसायचा. विमान पडू लागलं तर त्याने पॅराशूट सांभाळत उठायचं, त्या बाजूच्या दारापर्यंत पोचायचं आणि उडी टाकायची. मशीन सरळ उडत असेल, हाताशी उंची असेल, तर ठीक. पेटलेलं, गिरक्या घेणारं असेल तर?

1965 च्या सप्टेंबरात रात्रीच्या मोहिमेवरून परतणारं आपलं एक कॅनबेरा पाकिस्तानच्या स्टारफायटर लढाऊ विमानाने पाडलं. पायलट इजेक्ट झाला, युद्धकैदी झाला आणि ताश्कंद करारानंतर घरी आला. नॅव्हिगेटर गेला. विमान एक, मोहीम एक. ते दार मी शेकडो वेळा उघडून तपासलं आहे, बिजागरीला ग्रीस लावलं आहे. आत बसणारी पोरं पंचविशीतली. चढताना एखादा नॅव्हिगेटर दाराच्या कडेवर हात ठेवून विचारायचा, "दादा, नीट उघडतंय ना?" मी दर वेळी पुन्हा उघडून दाखवायचो.

किट बनवणाऱ्यांनी निदान एवढं बघायला हवं होतं. मी प्लॅस्टिकच्या पत्र्याची साधी खुर्ची कापून तिथे बसवली, अर्ध्या तासाचं काम आहे. उरलेली सीट नातवाने हातात घेतली.

"आजोबा, मग खालच्या काकांनी काय करायचं?"

मी दारावर बोट ठेवलं.

"एवढ्याशातून?"

साच्यात ते दार बंदच येतं. आम्ही बारीक पात्याने कोरून ते वेगळं केलं आणि उघडं ठेवून चिकटवलं. पाचांपैकी तीन तारे देतो. तुम्ही घेतलात तर दार कापताना घाई करू नका, तिथलं प्लॅस्टिक पातळ आहे.