ठाण्यात गर्भपिशवीच्या कॅन्सरची ट्रीटमेंट : डॉक्टर एक नंबर, बिलिंग डेस्क शून्य

चार स्टार देतेय, ते सगळे गायनॅक ऑन्कोच्या (बायकांच्या कॅन्सरच्या) डॉक्टर मॅडम आणि डे-केअरच्या, म्हणजे केमो देतात त्या विभागाच्या, सिस्टर्सना. कापलेला एक टीपीए डेस्कचा (इन्शुरन्सचे कागद बघतात तो), त्याचं खाली सांगते.

पेशंट माझी आत्या, वय ६८. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली आणि अचानक अंगावरून लाल जायला लागलं. घराजवळच्या दवाखान्यात सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर पातळ दिसलं, पॅप स्मीअर नॉर्मल आलं, म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. इथे मॅडमनी पहिल्याच वेळी बायॉप्सी घेतली. म्हणाल्या पॅप स्मीअर पिशवीच्या तोंडासाठी असतं, आतलं त्यात सापडेलच असं नाही, आणि पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासायचंच. रिपोर्ट आला सिरस कार्सिनोमा, म्हणजे पिशवीच्या अस्तराचा एक आक्रमक कॅन्सर, आणि हा म्हणे अस्तर पातळ असतानाही असू शकतो.

मला सगळ्यात आवडलं ते समजावणं. ओपीडीच्या कागदामागे पिशवीचं चित्र काढून सांगितलं की नेहमीचा कॅन्सर जास्तीच्या इस्ट्रोजेनमुळे होतो, वजन, शुगर वगैरे त्यात येतं, पण हा बहुतेक वेळा पी५३ जीन बिघडल्यामुळे आणि तोही उतारवयात, बारीक बायकांनाही (आत्या तर काडी आहे, तिला सगळे "तुला कसला कॅन्सर" म्हणत होते). आधी ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन गोळी घेतलीय का तेही विचारलं, त्याने धोका थोडा वाढतो म्हणून. शंभर केसमध्ये दहाच्या आसपास असा निघतो पण मृत्यूंमध्ये याचा वाटा खूप मोठा, हे गोड न करता सांगितलं. लवकर पसरतो म्हणून ऑपरेशनमध्ये पिशवी, ट्यूब, ओव्हरी, लिम्फ नोड आणि पोटातला चरबीचा पडदा, ओमेंटम म्हणतात तो, सगळं काढलं. नंतर केमो, कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधं, दर तीन आठवड्यांनी, सहा सायकल. हर्टू (HER2, कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) टेस्टही स्वतःहून लावली, पॉझिटिव्ह असेल आणि आजार पसरलेला असेल तर ट्रास्टुझुमॅब हे त्या प्रोटीनवरचं औषध जोडतात. आतून द्यायचं रेडिएशन, ब्रॅकी, इथे होत नाही, त्यासाठी बाहेर पाठवतात, पण ते आधीच सांगितलं हे बरं केलं.

डे-केअरच्या सिस्टर म्हणजे सोनं. पॅक्लिटॅक्सेल तीन तास चालतं तेव्हा हातापायांना बर्फाचे ग्लोव्हज घालतात, मुंग्या आणि बधिरपणा कमी व्हावा म्हणून. आत्या कुडकुडत शिव्या घालायची आणि सिस्टर हसत हसत "आत्या अजून दहा मिनिटं हां" म्हणत ब्लँकेट नीट करायच्या. केस गळणार हेही आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे घरी रडारड कमी झाली.

आता टीपीए डेस्क. प्री-ऑथसाठी, म्हणजे इन्शुरन्सच्या आगाऊ मंजुरीसाठी, तोच कागद परत परत मागतात, प्रत्येक वेळी खिडकीवर नवा माणूस आणि आधीच्याने काय सांगितलं ते याला माहीतच नाही. महात्मा फुले योजना इथे चालते का विचारलं तर एकाने हो म्हटलं, दुसऱ्याने नाही, तिसरा जेवायला गेलेला. कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना असं उभं करून ठेवायला लाज वाटली पाहिजे. पार्किंगचाही आनंदच आहे, घोडबंदरचं ट्रॅफिक धरून रिक्षानेच या आणि केमोच्या दिवशी सकाळी लवकर निघा, खिडकीजवळची खुर्ची पहिल्या येणाऱ्याला मिळते. पायमोजे आणि शाल घेऊन जा, एसी भयंकर आहे. कॅन्टीनचा उपमा ठीक, चहा घेऊ नका.